भाऊजींनी खणलेल्या खड्ड्यात सिंह

नामिबियातल्या आमच्या गोबाबिस गावाहून अभयारण्याचं फाटक तीन तासांवर. तरी सिंह बघायला लोक जर्मनीहून येणार आणि आम्ही नुसती त्यांच्या गाड्यांची धूळ खाणार. भाऊजी टपालखात्यातून निवृत्त झाले त्याच आठवड्यात माझ्या बहिणीनं, ओटिलीताईनं, जाहीर केलं की आता आपणही सिंह बघायचा, आपल्याच गाडीतून.

फेस्टस भाऊजींनी एकतीस वर्षं टपालाची गाडी चालवली. त्यामुळे फाटकावरच्या पहारेकऱ्यानं, पुढे वाळू मऊ आहे, चाकांतली हवा कमी करा असं सांगितलं तेव्हा ते नुसते हसले. ताई म्हणाली, करा ना कमी, काय बिघडतं? तर ते म्हणाले, "ओटिली, वाळूनं मला शिकवावं असं आता काही उरलेलं नाही."

त्यानंतर पाऊण तासात आमची जुनी बक्की, म्हणजे मागे सामानाचा हौदा असलेली गाडी, दोन टेकाडांमधल्या रस्त्यावर मागच्या चाकांनी अशी रुतली, की पुढचं तोंड आभाळाकडे. ताई एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं किती मोठ्यानं असतं ते मी लहानपणापासून ऐकत आलेय.

खाली उतरायला सक्त मनाई होती. पण रुतलेल्या माणसानं काय करायचं, हे फाटकावरच्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. भाऊजींनी चारी दिशा न्याहाळल्या, फावडं घेतलं आणि डाव्या चाकामागची तापलेली वाळू उपसायला लागले. मी मागच्या खिडकीतून पहारा करत होते. अर्ध्या तासात खालची गार, ओलसर वाळू लागली. चांगला हातभर खोल, लांबरुंद खड्डा झाला.

तेवढ्यात टेकाडावरचं एक झुडूप चालायला लागलं.

"भाऊजी, आत या," मी म्हटलं. "आधी या, मग विचारा का ते."

ते आले, फावडं तिथंच टाकून. काळ्या आयाळीचा तो सिंह सावकाश उतरला, गाडीभोवती फिरला, खड्डा हुंगला आणि त्यात शिरून, पंजानं वाळू जरा सारखी करून, झोपला. अंगावर गाडीची सावली, पोटाखाली गार वाळू. पाहुणे येणार म्हणून अंथरून ठेवावं, तसं झालं होतं सगळं.

आम्ही काचा बोटभर उघड्या ठेवून उकडत बसलो. तास गेला. मग केपटाऊनचं एक म्हातारं जोडपं मोठ्या गाडीतून आलं. दाढीवाल्या गृहस्थांच्या कॅमेऱ्याची नळी माझ्या हाताएवढी. सिंह बघून त्यांचे डोळेच भरून आले. त्यांनी दबक्या आवाजात भाऊजींना विचारलं, किती वेळ थांबलात?

आता खरं सांगायची वेळ होती. पण भाऊजी म्हणाले, सकाळपासून मागावर आहोत.

"फक्त एक विनंती," ते गृहस्थ म्हणाले. "इंजिन चालू करू नका. तो उठेल."

"शब्द देतो," भाऊजी म्हणाले. "अजिबात करणार नाही."

ताईनं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. तिचे खांदे हलत होते. रडतेय की हसतेय, मला मागून कळेना.

पुढचे दोन तास भाऊजी जाणकार झाले. सिंहाचं वय, स्वभाव, त्याच्या बायका किती, सगळं सांगून झालं. हयातीत त्यांनी सिंह पाहिला होता तो फक्त साखरेच्या पुड्यावर. ते गृहस्थ वहीत टिपून घेत होते.

चारच्या सुमारास सिंह उठला, आळस दिला आणि टेकाडापलीकडे गेला. तो दूर दिसेनासा झाला तेव्हा केपटाऊनवाल्यांनी मनापासून आभार मानले आणि गाडी सुरू केली. आणि माझ्या भाऊजींनी, या देवमाणसानं, हात हलवून त्यांना निरोप दिला.

तेव्हा साडेतीन तासांत पहिल्यांदा ताई बोलली. "साहेब, जरा थांबा. माझ्या नवऱ्याला तुम्हाला काही विचारायचंय."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"तुमच्याकडे," ते म्हणाले, "जाडसा दोर असेल का?"

गृहस्थांची नजर आमच्या मागच्या चाकांवर गेली, मग खड्ड्यावर, मग फावड्यावर. वही त्यांनी हळूच मिटली. पण हसले नाहीत. म्हणाले, "शब्द मात्र पाळलात तुम्ही."

त्यांच्या बाईंनी दोर काढला आणि दुसऱ्याच हिसक्याला आम्ही बाहेर आलो. ताईनं घरून तळून आणलेल्या फॅटकेकचा, फुगीर गोड गोळ्यांचा, डबा त्यांना दिला. आमच्या पोटात तेव्हा कावळे ओरडत होते, पण भाऊजींनी तो डबा स्वतःच नेऊन त्यांच्या गाडीत ठेवला.

फाटकावर पहारेकऱ्यानं विचारलं, काही दिसलं का? भाऊजी म्हणाले, हिला विचारा. ताईनं मग सांगायला सुरुवात केली ती त्या माणसाचा चहा गार होईपर्यंत, आणि पुढे घरापर्यंतचे तीन तासही ती थांबली नाही. भाऊजींनी एकदाही रेडिओला हात लावला नाही.