माझ्या पोटातली हुलग्याची कुपी

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. रंग पिवळट पडला आहे, दार कुरकुरते, पण एके काळी तब्येत ठणठणीत होती. तेव्हाच्या औरंगाबादेत चिकलठाण्यापाठोपाठ वाळूजलाही कारखाने धडाधड उभे राहत होते. मी मात्र गोणपाटात गुंडाळून टेम्पोतून आलो आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोपरा धरून बसलो.

माझ्या पोटात काय होते म्हणता? हुलगा, अर्थात कुळीथ! म्हणजे त्यातल्या एका प्रथिनाचा कारभार. या प्रथिनाला एक खळगा असतो आणि त्यात ठरावीक साखरच बसते. रक्तपेशींच्या अंगावरही अशा साखरा असतात. प्रथिनाने त्या धरल्या की पेशी एकमेकींना चिकटतात. मनकर्णा नावाची संशोधक मुलगी त्या खळग्याच्या मागे हात धुऊन लागली होती. प्रथिन घडवणाऱ्या जनुकात ती नेमका एक बदल करायची आणि जीवाणूंकडून बदललेले प्रथिन बनवून घ्यायची. आता खळगा कोणती साखर धरतो, हे तिला पाहायचे असे. ते जीवाणू कुप्यांत भरून माझ्याकडे सांभाळायला येत.

परीक्षा व्हायची ती मेंढीच्या रक्तावर. बिडकीनकडचा मल्हारी धनगर ते बाटलीत आणून द्यायचा. मूळ प्रथिन त्या पेशी झटक्यात धरी, पण मनकर्णाची बदललेली प्रथिने एकामागून एक नापास झाली. शेवटचेही हरले, तेव्हा तिचे मार्गदर्शक नानासाहेब म्हणाले, "मनकर्णाबाई, हे मेलंय. खळगाच मोडला. कुपी टाकून द्या आणि कारखान्यात नोकरी बघा."

तिने कुपी परत माझ्यात ठेवली. मला फार वाईट वाटले. तिचे वडील कचरूबाबा नामांतराच्या मोर्चात लाठ्या खाऊन आले होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागावे आणि त्या नावाची पदवी लेकीच्या हाती यावी, एवढेच त्यांचे मागणे होते. प्रथिनाने काहीच धरले नाही तर पदवी कुठली?

तिने एकदा शेवटचे करून पाहायचे ठरवले आणि नेमका त्याच दिवशी बंद पुकारला गेला. पोर सुखरूप आहे ना, हे बघायला कचरूबाबा उस्मानपुऱ्यातून चालत आले.

"मल्हारी रस्त्यातच अडकला, बाबा. आज रगत नाय."

"मग माझं घे."

"तुमचं नको. मी माझं काढते."

"घे गं. मोर्चात लई सांडलं. थोडं इथं सांडू दे."

तिने त्यांच्या बोटाला सुई टोचली, पेशी मिठाच्या पाण्यात धुतल्या आणि त्यांवर प्रथिनाचा थेंब सोडला. प्रथिनाने पेशी सोडल्या की त्या तळाशी जाऊन लाल टिपका होतो. धरल्या तर सतरंजीसारख्या पसरतात. बापलेक वाट बघत बसले. पेशी पसरल्या.

मनकर्णा फरशीवर बसून रडली. कचरूबाबांचा रक्तगट बी होता आणि त्या पेशींवरची साखर मेंढीच्या साखरेहून निराळी होती. प्रथिन मेले नव्हते, त्याची आवड बदलली होती. मेंढीचे रक्त सहज मिळे, म्हणून दुसरे रक्त कुणी वापरूनच पाहिले नव्हते. नानासाहेबांनी दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली.

पुढे जानेवारीत नामांतर झाले. नव्या नावाची पदवी मिळाली, तेव्हा कचरूबाबा आधी माझ्याकडे आले. "ती कुपी दाव," म्हणाले. तळहातावर घेऊन हसले, "लई गार हाय गं!"

आता ते नाहीत. मनकर्णा परगावी शिकवते. एका मे महिन्यात कुणीतरी कूलर लावायला माझा प्लग काढला. माझ्यात काय आहे, हे कुणी विचारले नाही. सुट्टीनंतर दार उघडले तेव्हा आत कोमट पाणी होते आणि कुप्या कचऱ्यात गेल्या.

मित्रांनो, कुणाचाही प्लग काढण्याआधी त्याचे दार एकदा उघडून बघा. त्या सुट्टीत मी जमेल तितका वेळ गार राहिलो होतो.