बघितलेली उशी

आमच्या सासूबाई स्टुलावर ठेवलेल्या उशीकडे दहा मिनिटं टक लावून बघतात, आणि त्यामुळे ती उशी विकली जाते. हसू येतंय ना? मलाही यायचं. पण त्या उशा बारा वर्षं मी शिवतेय आणि मीच भरतेय, त्यामुळे आता येत नाही.

दुकान घरचंच. पुढे काउंटरवर आमचे हे, मागच्या खोलीत कापूस, खोळी, शिवणयंत्र आणि मी. शिंकून शिंकून माझा जीव जातो, पण ‘उशी छान झालीय हो’ असं एक माणूस बोलेल तर शपथ. ह्यांना कौतुक करता येत नाही असं नाही. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईचं रोज करतात.

गेल्या वर्षी गिऱ्हाईक आटलं. त्याच सुमारास माझे धाकटे दीर मार्केटिंगचं तीन दिवसांचं शिबिर करून आले आणि चौथ्या दिवशी आम्हाला शिकवायला लागले.

“वहिनी, लोक वस्तू घेत नाहीत. अपेक्षा घेतात.”

“मग खोळीत काय भरू, भाऊजी? अपेक्षा?”

“तेच तर म्हणतोय!” भाऊजी उडालेच.

ज्याच्याकडे कुणाचं लक्ष असतं ते सुधारतं, असं त्यांना शिबिरात सांगितलं होतं. आणि लक्ष ठेवण्यात आमच्या सासूबाईंचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी नुसतं बघितलं की दूध उतू जात नाही आणि पाहुणे जास्त वेळ बसत नाहीत. झालं! दुकानाच्या काचेमागे त्यांची खुर्ची मांडली, समोर स्टूल, स्टुलावर माझी उशी. पिशवीवर चिठ्ठी: ‘या उशीकडे एका अनुभवी आईने दहा मिनिटं मनापासून बघितलं आहे. तुम्हाला झोप लागेल अशी तिची पूर्ण अपेक्षा आहे.’

कप्पाळ माझं, म्हटलं मनाशी. पण पहिली उशी नेणारा कॅशियर दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे चोळत आला. कामाला दांडी पडली म्हणून आनंदाने रडत होता. कितीतरी वर्षांनी झोपला होता बिचारा. महिन्याभरात काचेबाहेर माणसांची रीघ लागली.

मग काय विचारता. साधी नजर, खास नजर, लहान मुलांसाठी हसरी नजर. एक वकील उशी परत घेऊन आले. “ही रागात बघितलेली आहे. रात्रभर स्वप्नात कुणीतरी मला अभ्यास विचारत होतं.” ह्यांनी माफी मागून बदलून दिली. समोरच्या गादीवाल्याने आमच्यावर मात करायला एक निवृत्त मुख्याध्यापक बसवले, तर त्याची गिऱ्हाइकं पहाटे चारला उठून बसायला लागली. सासूबाईंना सर्दी झाली त्या आठवड्यातल्या उशा ‘न बघितलेल्या’ म्हणून निम्म्या किमतीला काढल्या. त्यांवर कुणाचा डोळा लागेना.

उशा माझ्याच, बरं का. तोच कापूस, तीच टीप. पिशवीवर फोटो मात्र सासूबाईंचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका दुपारी मी चिठ्ठ्याच बदलल्या. न बघितलेल्या उशा बघितलेल्यांच्या पिशवीत, बघितलेल्या न बघितलेल्यांच्या. व्हायचं तेच झालं. चिठ्ठी होती ते घोरले, नव्हती ते लाल डोळे घेऊन भांडायला आले. मी घरच्यांना बसवून सगळं सांगितलं, की चिठ्ठ्या मीच बदलल्या, हा नुसता चिठ्ठीचा खेळ आहे.

भाऊजी गंभीर झाले. “म्हणजे आईची नजर शेजारच्या उशीतही झिरपते. वहिनी, केवढा मोठा शोध लावलात!”

“शेजारी ठेवायचे वेगळे पैसे घेता येतील का?” ह्यांनी विचारलं.

मी हात टेकले. त्या दिवसापासून माझं कामातलं मनच उडालं. कसंतरी भरायचं आणि पुढे ढकलायचं. बघणारी बघतेय ना, मग मी कशाला मरू?

अशात एका मोठ्या हॉटेलच्या खरेदीच्या बाई आल्या. त्यांना प्रत्येक खोलीत बघितलेली उशी हवी होती आणि आधी बघणं समक्ष बघायचं होतं. सासूबाई खुर्चीवर, बाई समोर, दोघं भाऊ भिंतीला चिकटून. दहा मिनिटं झाली. मी उशी उचलून आत नेली आणि दुसरी आणायला वळले. मागे बघते तर सासूबाई रिकाम्या स्टुलाकडे तशाच एकटक बघतायत. खरेदीच्या बाई चहा पीत “काय एकाग्रता!” म्हणत होत्या.

मी सासूबाईंना हाताला धरून मागच्या खोलीत आणलं आणि दार लावलं.

“आई, किती दिवस दिसत नाहीये तुम्हाला?”

त्या म्हणाल्या, “दोन वर्षं झाली असतील. धुरकट दिसतं सगळं. मोतीबिंदू असणार.”

“मग रोज काय बघत बसलात?”

“मी कुठे बघत होते? लोक माझ्याकडे बघत होते.” त्यांनी पदर नीट केला. “जन्मभर मी सगळ्यांकडे लक्ष दिलं गं. माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं.”

भांडायचं सगळं तोंडापर्यंत आलेलं गिळलं मी. वाईट वाटलं, आणि रागही आला, की मला वाटतं तेच सासूबाईंनाही वाटतं.

“सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं,” मी म्हटलं. “आणि बाहेर जाऊन सांगते मी खरं काय ते.”

“सांग. पण त्याआधी त्या उशा नीट कर.”

“कुठल्या?”

“महिनाभरातल्या, इथे ढिगात पडल्यात त्या सगळ्या. कोपऱ्यात कापूसच पोचत नाही तुझा हल्ली. मधे ढीग नि कडा रिकाम्या.”

मी बघतच राहिले. “तुम्हाला काय माहीत?”

“तू जेवायला गेलीस की एकेक हातात घेते. बारा वर्षं घेतेय. याआधी एकदाही हात लावून बाजूला ठेवावी अशी निघाली नव्हती. आता काय झालंय तुला?”

“बारा वर्षं! एकदा बोलला असतात तर?”

“चांगल्याला काय बोलायचं?” त्यांना खरंच कळत नव्हतं.

मला रडू फुटलं. त्यांना ते दिसलं नाही, ऐकू आलं असेल. बाहेरून भाऊजी दार वाजवत होते, “वहिनी, बाई थांबल्यात, आईला पाठवा!” मी “थांबू देत!” म्हणून ओरडले. कात्री घेतली, ढिगातली पहिली उशी ओढली, कोपरा उसवला, बोटांनी कापूस पार टोकापर्यंत सारला आणि उशी त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी चारी कोपरे दाबून पाहिले.

“हं,” त्या म्हणाल्या. “दे पुढची.”