ओल्या हवेतल्या बाईसाहेब

चीर केसाएवढीच... गाडीच्या प्लगच्या काळ्या रबरी टोपीवर, खालच्या अंगाला, नखाला लागेल न लागेल अशी. तिला ती कालच दिसली होती आणि दिसताक्षणी तिने टोपी होती तशी बसवून टाकली होती, चोरासारखी. नवी टोपी पर्समध्ये आहे. आज फक्त गप्प बसायचं. शोधू दे बाबांना.

बाबा पुढच्या खोलीत मोटरसायकलच्या पोटाशी फतकल मारून बसले होते. पाऊस सकाळपासून होता, आणि बाईसाहेब – हे गाडीचं नाव बाबांनीच ठेवलेलं, आई होती तेव्हा तिला चिडवायला – ओल्या हवेत नेहमीप्रमाणे रुसल्या होत्या. कोरड्या दिवशी काय गुणाच्या! पण शिंतोडे उडाले की आचके देणार, चढावर मान टाकणार. ठिणगी त्या चिरेतून, पाण्यावाटे, भलतीकडेच पळून जाते म्हणून. बाबांना हे कळायला हवं होतं... चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा माणूस निम्म्या गल्लीच्या गाड्या नुसत्या हौसेपोटी दुरुस्त करायचा.

रात्री दादाचा फोन आला होता. "त्यांना एकटं ठेवण्यात आता अर्थ नाही. मी रविवारी येऊन घेऊन जातो. तू फक्त हो म्हण." बाबांनी परवा गॅस चालू ठेवला हे दादाला सांगितलं कुणी? मीच. सांगून बसले आणि मग पस्तावले. म्हणून हा मनातल्या मनात केलेला सौदा – दोष बाबांनी शोधला तर दादाला नाही म्हणायचं. नाही शोधला तर... दादाचं तरी काय चुकतंय, त्याचाही जीव आहेच त्यांच्यावर. पण त्याच्या त्या चकचकीत फ्लॅटमध्ये बाबा असे तेलकट हातांनी कुठे बसणार?

"आधी पोट, मग श्वास, मग ठिणगी," बाबा पुटपुटले. ही त्यांची जुनी रीत : पेट्रोल, हवा, वीज – याच क्रमाने, आणि एका वेळी एकाच गोष्टीला हात. पेट्रोल पाहून झालं. कार्ब्युरेटर उघडला, फुंकला, पुसला, बसवला. बोटं अजून कशी झरझर चालतात! आता ठिणगी... आता टोपी... बाबांनी हात पुसले, जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं, आणि पुन्हा कार्ब्युरेटरचेच स्क्रू सोडवायला घेतले.

"बाबा, तो झाला ना आत्ताच?"

"झाला?" त्यांनी आत डोकावून पाहिलं. "तरीच म्हटलं, एवढा स्वच्छ कसा!"

ती हसली, डोळ्यांत पाणी आलं ते तिने बाहीला पुसलं. शाळेत असताना मी याच फरशीवर बसून त्यांच्या हातात पाने-पकडी द्यायचे, आणि काय बिघडलंय म्हणून विचारलं की ते म्हणायचे, मला काय विचारतेस, गाडीला विचार. कधी म्हणून उत्तर सांगितलं नाही. आणि आज...

"मला नाही सापडत गं," बाबा म्हणाले. अगदी सहज, चष्मा सापडत नाही म्हणावं तसं. "तू बघ."

झालं. सौदा संपला. तिने दार लोटलं, खिडकी ओढली, खोलीत काळोख झाला. झाडांवर पाणी मारायची बाटली घेऊन तिने टोपीवर फवारा सोडला आणि किक मारली. गाडी खोकली, आणि टोपीवरून निळ्या मुंग्या सैरावैरा धावल्या.

"अगं, बघ बघ!" बाबा ओरडले. "सापडली की खोड! हे कुणी शिकवलं तुला?"

त्यांनीच. याच खोलीत, असंच दार लावून.

"होते एक मास्तर."

"बरे होते म्हणायचे."

थट्टा होती? जन्मभर त्यांनी तोंड वाकडं न करता अशाच थट्टा केल्या... की खरंच आठवत नव्हतं? दिव्याचं बटण हाताशी होतं. लावलं असतं तर चेहरा दिसला असता, दादाला काय सांगायचं तेही ठरलं असतं. पण मी कोण लागून गेले यांची परीक्षा घेणारी! तिने हात मागे घेतला.

"मार ना परत," अंधारातून बाबा म्हणाले, खूप खुशीत.

तिने पाय किकवर ठेवला. काय ठरवायचं ते तिला अजूनही कळत नव्हतं. रविवार येऊच नये, एवढंच फार वाटत होतं.