पथारीवरचा ताप

डॉक्टर मालशे यांनी डोंगरसिंगच्या डाव्या बरगडीखाली बोटं दाबली आणि तशीच ठेवली. तापाने सुजलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, कमी झाली नव्हती. महिन्यापूर्वी होती त्याहून दोन बोटं वाढलीच होती. त्यांनी हात काढून घेतला, टॉवेलला पुसला आणि टॉवेल खुंटीवर न टांगता टेबलावर फेकला.

"गोळ्या घेतल्या का, विचार त्याला."

दाराशी फरशी पुसत असलेली हलीमाबी हातातलं फडकं बादलीत टाकून पुढे आली. तिने पावरी बोलीत काहीतरी विचारलं. बाकावर बसलेला डोंगरसिंग जमिनीकडे बघत दोन शब्द बोलला.

"लिन्ह्या म्हणस," हलीमाबी म्हणाली.

"खोटं बोलतो. एकवीस गोळ्या दिल्या होत्या, त्याच्या आधी एकवीस, त्याच्याही आधी एकवीस. इतकं कोयनेल पोटात गेलेल्या माणसाला असा हिवताप येत नाही. सांग त्याला, जावा बेट जपानने घेतलंय, तिकडून आता कोयनेलची एक गोळी येत नाही. आणि हा माणूस कडू लागते म्हणून ती थुंकून टाकतो. गावातली माणसं त्या एका गोळीसाठी माझ्या पायऱ्या झिजवतात, हेही सांग."

ते बराच वेळ बोलत राहिले. बोलून थांबले तेव्हा हलीमाबीने डोंगरसिंगला जेमतेम चार शब्द सांगितले. त्याने डॉक्टरांना हात जोडले. आपण चिडल्याचं निदान त्याच्यापर्यंत पोचलं, एवढं डॉक्टरांना बरं वाटलं.

बेचाळीस सालचा मार्गशीर्ष होता. नंदुरबारात रतिलाल शेठनी आईच्या नावाने काढलेल्या धर्मार्थ दवाखान्यात मालश्यांना तीन वर्षं झाली होती. ते वाईचे. कोरीटकडून येणारे शेतकरी अहिराणीत दुखणं सांगत, ते त्यांना आता समजू लागलं होतं. मोहल्ल्यातल्या बायकांची हिंदी समजत होती. पण दिवाळीनंतर मिरचीच्या पथारींवर कामाला सातपुड्यातून पावरा माणसं उतरली की डॉक्टरांचे हात बांधल्यासारखे होत. मैदानभर वाळत घातलेली लाल मिरची, तिच्या कडेला तुराट्यांच्या झोपड्या, आणि त्या झोपड्यांतून कुडकुडत येणारी माणसं. त्यांच्या बोलण्यातलं एक अक्षर डॉक्टरांना कळत नसे. हलीमाबीचा नवरा बांगड्या विकायला अक्राणीच्या डोंगरात फिरायचा. बारा वर्षं तीही डोक्यावर टोपली घेऊन त्याच्या मागे चालली होती. तो गेल्यावर ती दवाखान्यात झाडलोटीला लागली, आणि तिची झाडलोट अर्धी राहून ती डॉक्टरांच्या आणि डोंगराच्या मधे उभी राहू लागली.

त्या वर्षी डॉक्टरांचं कशातच मन लागत नव्हतं. उन्हाळ्यात कोणीतरी इथल्या कोयनेलच्या गोळ्या नवापूरच्या बाजारात विकताना सापडला होता. तेव्हापासून शेठनी दंडक घातला होता की रोगी स्वतः समोर येऊन बसल्याशिवाय औषध द्यायचं नाही, आणि एकाच्या नावावर दुसऱ्याला तर मुळीच नाही. डॉक्टरांनी तो पाळला. तरी गोळ्या संपत होत्या आणि ताप हटत नव्हता. गोळ्यांत पीठ मिसळलंय असा संशय येऊन त्यांनी मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याला दोन पत्रं लिहिली. पहिल्याला छापील उत्तर आलं, दुसऱ्याला आलंच नाही. गोळ्यांत खोट आहे की माणसांत, एवढं तरी आता त्यांना समजून घ्यायचं होतं.

म्हणून त्यांनी ठरवलं की डोंगरसिंगच्या हातात गोळ्या द्यायच्याच नाहीत. त्याने सात दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ दवाखान्यात यावं आणि आपल्यासमोर गिळावं.

"गोळ्या त्याले घर लई जाऊ द्या, साहेब," हलीमाबी म्हणाली.

तिने कधी मधे तोंड घातलं नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांनी वर पाहिलं. कारण विचारलं, तर ती म्हणाली की मुकादम त्याला रोज सोडणार नाही. डॉक्टरांनी तिथल्या तिथे मुकादमाच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.

पहिल्या दिवशी डोंगरसिंगने गोळी तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला आणि उठला. डॉक्टरांनी त्याला परत बसवलं. तोंड उघडायला लावलं. गालाच्या आत बोट घालून त्यांनी गोळी बाहेर काढली. ती कडेने विरघळू लागली होती.

"बघ," ते हलीमाबीला म्हणाले. "मी काय म्हणत होतो?"

डॉक्टरांनी तीच गोळी त्याच्या जिभेवर ठेवली आणि ती घशाखाली उतरेपर्यंत त्याच्या गळ्याकडे पाहत उभे राहिले. डोंगरसिंग पस्तिशीचा होता, डॉक्टरांच्याच वयाचा. बाकावर आणखी सात-आठ माणसं बसली होती. त्याने मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने गिळू लागला.

सात दिवसांत ताप गेला. आठव्या दिवशी पानथरी हाताला मऊ लागली. गोळ्यांत पीठ नव्हतं. कित्येक महिन्यांत डॉक्टरांना एखादी गोष्ट मनासारखी झाल्याचं समाधान मिळालं नव्हतं, ते त्या दिवशी मिळालं. आता पथारीवरच्या प्रत्येकाला असंच समोर बसवून गोळी द्यायची, असं त्यांनी हलीमाबीला सांगितलं. तिने केरसुणी उचलली आणि ती मागच्या खोलीत गेली.

दहाव्या दिवशी सकाळी डोंगरसिंग पुन्हा आला. या वेळी त्याच्या खांद्यावर खाटेचा एक पाय होता. बाकीचे तिघे कोण होते ते डॉक्टरांना माहीत नव्हतं. खाटेवर एक बाई होती. डोळे अर्धे उघडे, दात घट्ट मिटलेले, हाक मारली तर ओ नाही. कातडी तव्यासारखी तापलेली.

डॉक्टरांनी सुई उकळायला ठेवली. कपाटात इंजेक्शनच्या शेवटच्या दोन कुप्या होत्या, त्यातली एक फोडली.

"कोण ही? किती दिवसांचा ताप?"

हलीमाबीने डोंगरसिंगला विचारलं नाही.

"कमलीबाई. याचीच बायको," ती म्हणाली. "ताप दिवाळीपासीन शे. गोळी भेटे तवलग हिंडे-फिरे."

"कोणती गोळी? हिला मी कधी पाहिलेलंही नाही."

सुई टोचून होईपर्यंत हलीमाबी थांबली. मग तिने सांगितलं. डोंगरसिंगच्या झोपड्यांच्या रांगेत चौदा माणसं तापाने पडली होती. मुकादम एका वेळी एकालाच सोडायचा, आणि दवाखान्यापर्यंत चालत येण्याइतकं बळ डोंगरसिंगच्याच पायांत होतं. तो एकवीस गोळ्या न्यायचा. मिरचीची देठं खुडायच्या सुरीने त्यांचे तुकडे करायचा. ज्याला थंडी वाजून येईल त्याला तुकडा द्यायचा. त्याचा आणि बायकोचा मिळून एक वाटा असायचा. त्या दिवशी गालात ठेवलेली गोळी तिची होती.

डॉक्टरांनी कमलीबाईचं मनगट हातात धरलं होतं. ते त्यांनी सोडलं नाही.

"तुला हे माहीत होतं."

"माहीत व्हतं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगं ऱ्हातं ते तुम्ही काय करतात?"

डॉक्टरांना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी दंडक वाचून दाखवला असता आणि त्या दिवसापासून डोंगरसिंगच्या गोळ्या बंद केल्या असत्या. ते बाईच्या तोंडावर ओला बोळा फिरवत राहिले. दुपारी दुसरी कुपी फोडली. तीनच्या सुमाराला तिला दोन झटके आले, आणि दुसऱ्या झटक्यानंतर मनगटात काही लागलं नाही.

चौघांनी खाट उचलली. जाताना डोंगरसिंगने पायरीशी खाट खाली ठेवली, मागे वळून डॉक्टरांना हात जोडले आणि पुन्हा खाटेला खांदा दिला. डॉक्टर दारात उभे होते. रस्ता रिकामा झाला तरी ते तिथेच राहिले.

"तीन वर्षं मी या लोकांना इतकं बोलत आलो," ते म्हणाले. "ते तू त्यांना काय सांगायचीस?"

हलीमाबी फरशीवर सांडलेलं पाणी टिपत होती.

"कामनं व्हतं तितलं सांगू. राग नही सांगू. राग सांगती ते कोणी परत येता नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर रतिलाल शेठकडे गेले. पथारीवर जाऊन सगळ्यांना तपासू द्या, दंडक तेवढ्यापुरता बाजूला ठेवा, असं त्यांनी सांगितलं. शेठ भले गृहस्थ होते. त्यांनी कमलीबाईबद्दल हळहळ व्यक्त केली, चहा मागवला आणि नाही म्हटलं. पथारीवरची माणसं चार महिन्यांची, गाव बारा महिन्यांचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. उद्या गावात ताप पसरला आणि बाटली रिकामी असली तर गावाने कोणाकडे बघायचं? डॉक्टर तावातावाने बोलले. शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दवाखान्याच्या कपाटाची किल्ली यापुढे आपल्याकडे ठेवायचं ठरवलं. डॉक्टरांना ती किल्ली जानव्यातून सोडून समोरच्या गादीवर ठेवावी लागली.

चहाला त्यांनी हात लावला नाही. घरी आले, फडताळातल्या तांदळाच्या डब्यामागे हात घातला आणि एक बाटली काढली. मार्चमध्ये जावाची बातमी वाचल्याबरोबर त्यांनी स्वतःच्या पगारातून आणून ठेवलेल्या त्या शंभर गोळ्या होत्या, घरच्यांसाठी. त्यांची बायको चुलीपाशी होती. आपल्याकडे मग काय राहील, असं तिने विचारलं. डॉक्टरांनी टोपी घातली आणि ते बाहेर पडले.

हलीमाबी त्यांच्या सोबत होती. पथारीवर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं आणि मिरची इतकी तापली होती की डॉक्टरांना ठसका लागून डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी तोंडाला रुमाल बांधला. झोपड्यांपुढे माणसं गोळा झाली. त्यांनी एकेकाला आडवं करून पोट चाचपलं. दुपार कलेपर्यंत सव्वीस माणसं झाली. हिशेब साधा होता. सात दिवसांचा पुरता उपचार दिला तर मुलांना कमी गोळ्या धरूनही बाटली जेमतेम पाच जणांना पुरत होती. त्यांनी मनात पाच जण निवडले, दोन मुलं, एक बाळंतीण, डोंगरसिंगचा भाऊ करमसिंग आणि एक म्हातारा.

"या पाच जणांना सांग, पुढे या म्हणावं," ते हलीमाबीला म्हणाले. "आणि बाकीच्यांना सांग की आज त्यांच्यासाठी औषध नाही."

हलीमाबीने पदराने तोंड पुसलं.

"हाई तुम्हीच सांगा, साहेब."

ती खाली बसली आणि मिरचीच्या ढिगाकडे तोंड करून राहिली. सव्वीस माणसं समोर होती. डॉक्टरांनी रुमाल खाली ओढला. "गोळ्या कमी आहेत," ते मराठीत म्हणाले. मग बाटली वर धरून दाखवली. कोणी कुरकुर केली नाही, कोणी पुढेही आलं नाही. त्यांनी पाचांपैकी पहिल्या मुलाकडे बोट केलं. बोट पुढे नेताना त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाने आपल्यालाच बोलावलं असं समजून हात पुढे केला.

डॉक्टरांचा हात खाली आला. डोंगरसिंग बाजूला उभा होता. त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि बाटली त्याच्या हातात दिली.

त्याने जमिनीवर धडुतं अंथरलं, गोळ्या ओतल्या आणि त्यांचे ढीग घालू लागला.

"असं वाटून एकही माणूस बरा होणार नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज चढला होता, तो त्यांनी खाली आणला. "निदान हे तरी सांग त्याला."

"त्याले माहीत शे," हलीमाबी म्हणाली. "होळीले घर जावापुरता पाय चालाले जोयजेत, इतलंच."

डोंगरसिंग ढीग मोजत होता. सव्वीस झाल्यावर तो थांबला. हातात काही गोळ्या उरल्या होत्या. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं आणि हलीमाबीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?"

"इचारस, साहेबना घर कितला मानसं शेतस?"

मुलगी, बायको, आई. आणि आपण. डॉक्टरांनी मनात मोजलं.

"चार," ते म्हणाले.

हे हलीमाबीला त्याच्या बोलीत सांगावं लागलं नाही. डोंगरसिंगने सव्वीस ढिगांच्या शेजारी आणखी चार ढीग घातले. मग प्रत्येक ढीग बाकीच्यांएवढाच झाला आहे का, ते तो खाली वाकून निरखून पाहू लागला.