पट्टीवरचं नाव

भांड्यावर नाव टाकायचं माझं काम. पांढुर्ण्याच्या बाजारात तीस वर्षं झाले, हेच करून राहिलो. नाव टाकतो, खोडत नाही. एकदा एकाच्या म्हणण्यावरून पाणी भरायच्या पितळी गुंडावरचं नाव घासून देलं, तर तो गुंड चोरीचा निघाला अन् दोन दिवस मले ठाण्यात बसवून ठेवलं. बायको अजून टोमणे मारते. तेव्हापासून कोणी नाव खोडायले आलं का माझं डोकंच फिरते.

अन् मंगळवारी भर दुपारी, बाजार सामसूम असताना, ही बाई आली. तोंडाले ओढणी गुंडाळलेली, नुसते डोळे दिसून राहिले होते. उन्हात सगळ्याच पोरी गुंडाळतात, मान्य. पण दुकानात सावलीत आल्यावर तरी सोडावी का नाही? सोडली नाही. ऑटोवाल्याच्या मदतीनं तिनं एक लांबलचक पेटी उतरवली.

"काका, ही स्टील गिटार आहे. पायडलवाली."

गिटार म्हणजे पोरं गळ्यात अडकवतात ते, एवढंच मले माहीत. हे तर बाप्पा टेबल होतं! वर तारा, समोर बसून वाजवायचं, खाली पायानं दाबायचे पायडल. गिटारचे पाय अन् पायडल म्हणे घरी ठेवले आहेत. समोरची अॅल्युमिनियमची पट्टी काळी पडली होती. कडेची शिंपल्यासारखी चमकणारी पट्टी कोपऱ्याकोपऱ्यात उखडली होती.

"रविवारी नागपूरले ऑर्केस्ट्रा आहे," ती म्हणाली. "पहिल्यांदा बोलावून राहिले. जमलं तर कायमचं घेतील, माझं पोट त्याच्यावर आहे. आतलं सगळं बरोबर आहे. तुम्ही फक्त कडा बसवा, पट्टी चमकवा, अन् हे नाव काढून टाका."

नाव होतं 'प्रवीण मेश्राम, सावरगाव'. अक्षर माझंच. माझा 'ण' मी झोपेतही ओळखीन.

"कोणाची आहे ही?"

"माझी."

"मंग नाव काऊन प्रवीणचं?"

ती रस्त्याकडे पाहून राहिली होती. सावरगावचा पूल त्याच बाजूले आहे. "काका, काम करायचं आहे का नाही?"

घ्या! चोर तो चोर, वर शिरजोर. मी म्हटलं, ठेवून जा, शनिवारी ये. नाव सांगितलं रश्मी, गाव सौंसर. आडनाव विचारलं तर म्हणे, "नुसतं रश्मी लिहा." आता सांगा, आडनाव कोण लपवते?

दोन दिवस काम केलं अन् जीव लावून केलं. कडेची पट्टी गरम करून वाकवली, गोंद लावला, कपड्याचे चिमटे लावून रात्रभर ठेवली. गंजलेले स्क्रू बदलले. समोरची पट्टी बफाच्या फिरत्या चाकावर अशी घासली का तोंड दिसावं. नावाले मात्र हात लावला नाही. उलट अक्षरांतला मळ सुईनं काढला. घासताना डोक्यात एकच भुंगा. कोणाच्या तरी घरातून हे उचललं आहे.

शेवटी सावरगावच्या एका ऑटोवाल्याकडून या प्रवीणचा नंबर काढला अन् फोन लावला.

"माझीच आहे जी, काका," तो म्हणाला. "घरातून गेली होती. तुमच्यासारखे माणसं आहेत म्हणून दुनिया चालून राहिली."

शुक्रवारी तो गाडी घेऊन आला. स्वच्छ शर्ट, गोड बोलणं, न मागता आधार कार्ड दाखवलं. मीच एका बाजूनं उचलू लागलो. त्यानं ना कडांकडे पाहिलं, ना पायडल कुठं आहेत ते विचारलं. माझ्या ध्यानात आलं ते, खोटं काऊन बोलू? पण त्या बाईच्या ओढणीवर दोन दिवस डोळे फाडून बसलेला माझा शक या माणसापुढे ढाराढूर झोपला होता.

शनिवारी रश्मी आली. तोंड उघडं, हसरं, खांद्यावर पायडलचं पोतं. "झालं का, काका?"

मी भाषण तयारच ठेवलं होतं. "मालक घेऊन गेला. ज्याचं नाव होतं तो."

तिनं पोतं पायरीवर उतरवलं.

"माझा नवरा आहे तो," ती म्हणाली. "गिटार माझ्या बाबाची होती. मोतीराम म्हणत त्याले. रेल्वेच्या एका गार्डाकडून जुनी घेतली अन् वीस वर्षं जयंतीच्या गाण्यांत वाजवली. मले शिकवली अन् लग्नात आंदण म्हणून देली. आंदणावर जावयाचं नाव टाकतात ना? तुमच्याच इथून टाकून नेलं. त्या माणसानं कधी एक तार छेडली नाही. मी वाजवायले बसली का पट्टीवर बोट ठेवे, वाच म्हणे, कोणाचं नाव आहे. मी वर्षभरापासून मायच्या घरी राहून राहिली. मागच्या आठवड्यात तो घरी नव्हता, तर सासूनंच गिटार ऑटोत ठेवून देली."

आंदण! अरे देवा. पैसा बापाचा, वस्तू पोरीची अन् नाव जावयाचं. अशी हजारो भांडी मी या हातानं कोरली. हे साऱ्या बाजारात मले नाही समजत तर कोणाले समजते?

"मले विचारायचं ना, काका."

"विचारलं होतं ना, कोणाची आहे म्हणून."

"मी सांगितलं होतं, माझी."

मी विचारलं, "हे नाव काढून कोणाचं टाकणार होती? बाबाचं?"

"कोणाचंच नाही. कोरी पाहिजे होती."

मी दुकान तसंच उघडं टाकलं अन् तिले घेऊन निघालो. ती पुलाजवळ थांबली, मी सावरगावात गेलो. गिटार ओसरीत भिंतीले टेकवून ठेवली होती. मी ओरडलो, शिव्या देल्या, चार लोक जमले. प्रवीण शांत. त्यानं पट्टीवर बोट ठेवलं.

"वाचा ना, काका. अक्षर तर तुमचंच आहे."

लोकांनी वाकून वाचलं. मीच घासून चमकवलेलं, दुरूनही दिसत होतं. सगळे माझ्याकडे पाहून राहिले अन् मले माझ्याच हाताची शरम वाटली.

रिकाम्या हातानं पुलाजवळ परत आलो. रश्मीनं पोतं खांद्यावर घेतलं अन् सौंसरच्या बसकडे चालू लागली.