गाडीला ओरखडाही नाही

मित्रांनो, सुताराच्या या शेडमध्ये, फळ्यांच्या थप्पीमागे ताडपत्री पांघरून उभी आहे ती मी, एक जुनी मोटारसायकल. माझे चार बोल ऐकाल का?

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझी टाकी गर्द निळी होती. ज्या सुताराने मला घरी आणले, त्याने मला तळहातावरच्या फोडासारखे जपले. दारे-खिडक्यांची मापे घ्यायला तो माझ्यावरूनच जाई. पुढे त्याची बायको माझ्यावर बसली, मग मुलगी. "ही माझी थोरली, तू धाकटी," असे म्हणून तो मुलीला चिडवायचा.

त्याचे दोन जिवलग मित्र होते. एक शाळामास्तर. दुसरा पोस्टमन, सारा जन्म पत्ते शोधण्यात जाऊनही हा गडी हमखास वाट चुकायचा, म्हणून सगळे त्याला 'नकाशा' म्हणत. आपापल्या गाड्या घेऊन उत्तरेकडच्या रानातून भटकून यायचे, असे तिघे वीस वर्षे घोकत होते. अखेर निघाले. पाच दिवस मी नुसती उडत होते!

सहाव्या दिवशी सकाळी तिघांनी नेहमीप्रमाणे गाड्या तपासल्या. साखळी, ब्रेक, तेल, चाकांतली हवा.

"काय म्हणते तुझी थोरली?" मास्तरांनी विचारले.

"एकदम ठणठणीत!" तो हसला. पण हँडल धरलेला त्याचा डावा हात थरथरत होता. मला ते कळत होते. सांगणार कशी?

पुढे सरळसोट उंच झाडे, खडीचा रस्ता आणि मैलोन्मैल एकही घर नाही. आमचा वेग मंदावत गेला. दुपारी एका तळ्याजवळ त्याने मला कडेला घेतले, स्टँडवर नीट उभे केले आणि माझ्या चाकाला टेकून तो खाली बसला. अंग घामाने डबडबले होते.

"अरे, काय होतंय तुला?" नकाशा धावला.

"छातीत... पहाटेपासून जरा..."

"पहाटेपासून? आणि बोलला नाहीस?"

"वीस वर्षं वाट पाहिली रे. म्हटलं, तुमचा विरस कशाला करू."

फोन लागत नव्हता. मास्तर मदत आणायला सुसाट निघाले. नकाशाने त्याचे डोके मांडीवर घेतले. "येईलच आता कोणीतरी," तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. तासाभराने लाकडांचा एक ट्रक घेऊन मास्तर परतले, तेव्हा नकाशा एक थंड हात चोळत बसला होता.

मला मागाहून ट्रकनेच घरी आणले. त्याची बायको माझ्याभोवती एक फेरी मारून आली. टाकीवरून हात फिरवला.

"गाडीला ओरखडाही नाही, भावोजी," ती मास्तरांना म्हणाली. "गाडीला किती जपलंत!"

मास्तर शेडच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले.

आता शेड मुलगी चालवते. ती मला विकत नाही आणि सुरूही करत नाही. माझी टाकी गंजली, चाके बसली. त्याची मला तक्रार नाही.

मित्रांनो, मला बोलता येत नाही, म्हणून माझा एकेक बोल्ट रोज तपासला गेला. त्याला बोलता येत होते, म्हणून कोणी विचारलेच नाही. सोबतच्या माणसाच्या चेहऱ्याकडे नीट बघत जा. "बरा आहेस ना?" म्हणून विचारा. आणि तो "ठीक आहे" म्हणाला, तर आणखी एकदा विचारा.