पितराची वाटी

पाहुण्याने वाटीवर हात आडवा धरला, तर आपण काय करतो? तो हात बाजूला सारतो आणि वाढतो! "एवढ्याने काय होतं?" हे वाक्य आपल्या घराघरांत इतक्या प्रेमाने बोललं जातं, की त्याने कुणाचं वाईट होत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. आणि आमच्या खानदेशात तर विचारूच नका. इथे जेवणारा दमतो, वाढणारी दमत नाही. त्यातून आखाजी असेल, तर मग झालंच!

अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात आणि घरात पितरांची घागर भरली जाते. घागरीवर डांगर ठेवायचं, म्हणजे इतरत्र ज्याला खरबूज म्हणतात ते. सोबत सांज्याची गोड सांजोरी आणि आंबा. मग घरातून गेलेल्या माणसाच्या जागी एक जिवंत माणूस पाटावर बसवायचा. त्यालाच त्या दिवशी पितर म्हणायचं. त्याचे पाय धुवायचे, कपाळी कुंकू लावायचं, आणि गेलेल्याला जे जे आवडायचं ते ते त्याला पोटभर खाऊ घालायचं. पितराने नाही म्हणायचं नाही. तो अर्धपोटी उठला तर गेलेला माणूस वर्षभर उपाशी राहतो, अशी लोकांची समजूत आहे.

नरडाण्याजवळच्या एका गावात ताईबाईच्या घरी हा मान वना नानांचा होता. ताईबाईचे यजमान कौतिक आबा आणि वना नाना लहानपणापासूनचे जोडीदार. आबा गेले आणि त्यांच्या पाटावर नाना बसू लागले. आबांना आमरसाचं भारी वेड. म्हणून ताईबाई नानांपुढे रसाच्या वाट्यांवर वाट्या ठेवायची, वरून साखर, त्यावर तूप, सोबत खापरावरची पुरणपोळी. नाना घाम पुसत जेवायचे आणि ताईबाईचे डोळे भरून यायचे. आपला माणूसच जेवतो आहे, असं तिला वाटायचं.

१९८७ साली आखाजी तोंडावर आली असताना नानांची बायको भिकुबाई ताईबाईच्या दारात येऊन उभी राहिली. पदर तोंडाशी धरलेला.

"अक्का, एक मांगनं शे मनं. औंदा ह्यास्ले पितर नका बसाडू."

"काबर व माय? काय व्हयनं?"

"ह्यास्ले साखर शे. डॉक्टरनी लघवी टाकीसन नळीमां निळं पाणी तपाडं, ते पार विटकरी व्हई गयं. पायनी जखम भरी नही ऱ्हायनी."

"मंग नानास्नी माले काबर नही सांगं?"

"ते म्हंतस, कौतिकना नावना घास शे, मी नही कसं म्हनू?"

 वाईट वाटण्याआधी ताईबाईला रागच आला. तो राग भीतीचा होता. नाना बसले नाहीत तर त्या पाटावर बसणार कोण? गावात आबांच्या वयाचं, आबांच्या जिवाचं दुसरं होतं तरी कोण!

"मंग मना मानूस उपाशी ऱ्हाई का? एक दिवस खादं तर काय व्हस?"

भिकुबाईने पदर खाली घेतला. एरवी मोठ्या जावेसमान मानलेल्या ताईबाईपुढे ती कधी मान वर करून बोलली नव्हती. "अक्का, आबा गयात. मना मानूस अजून शे. त्याले ऱ्हाऊ द्या." एवढं बोलून ती निघून गेली.

ताईबाई दुसऱ्या दिवशी बाजाराला नरडाण्याला गेली ती तोंड पाडूनच. साखर आणि वेलदोडे घ्यायला ती नेहमी इंदरचंद शेठच्या दुकानात जायची. दुकानामागेच शेठचं घर. शेठाणी सायरबाई मूळच्या मारवाडच्या, पण जन्म गेला खानदेशात. दोघी बायांचं वर्षानुवर्षांचं येणं-जाणं. सायरबाईंनी चेहरा पाहिला आणि तिला आत बोलावलं. ताईबाईने सगळं भडाभडा सांगून टाकलं. नानांचं, भिकुबाईचं, आणि पाट रिकामा राहण्याचं.

सायरबाईंनी शांतपणे विचारलं, "ताईबाई, आबा कशाने गेले हो?"

"पाय सडी गया व्हता ना त्यास्ना."

"आणि पाय कशाने सडला?"

ताईबाईला उत्तर माहीत होतं. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चार माणसांसमोर सांगितलं होतं. साखर!

"मग जो माणूस तुम्ही आबांच्या पाटावर बसवता, त्यालाही तेच वाढता? एक पितर झालं. आता दुसरंही करायचं आहे का?"

असं तोंडावर बोलायला मैत्रीण लागते. परक्याने बोललं असतं तर ताईबाई पिशवी उचलून चालती झाली असती. ती बसून राहिली.  सायरबाई उठल्या आणि एका वाटीत काहीतरी घेऊन आल्या. "हे खा आधी. मग रागवा."

ताईबाईने बोट बुडवून चाखलं. आंब्याचा घमघमाट! दाट, गारेगार, जिभेवर रेंगाळणारा. "असा गोड आंबा कोठे भेटना, शेठाणी?"

सायरबाई हसल्या. "आंबा नाहीच तो! म्हणजे आहे, पण वासापुरता. बाकी सगळं तुमच्या तापीच्या वाळूतलं डांगर."

मग त्यांनी सांगितलं. पिकलेल्या डांगराचा गर फडक्यातून गाळायचा, पाणी निथळू द्यायचं. त्यात घट्ट दह्याचा चक्का फेटायचा, भिजवलेले बदाम वाटून घालायचे, वेलदोडा आणि चिमूटभर सुंठ. अख्ख्या पातेल्याला एकच आंबा. साखर नाही, गूळ नाही. त्यांच्या शेठना साखरेचा आजार जडल्यापासून त्या असे प्रयोग करत होत्या. पेरू शिजवून पाहिला, जांभळाचं करून पाहिलं, कितीतरी पातेली फसली आणि गाईपुढे गेली. हे एक जमलं.

"पण ऐका, हे औषध नाही," सायरबाई बजावून म्हणाल्या. "डांगरातही साखर असतेच, आंब्याहून कमी एवढंच. लहान एकच वाटी, पुरणपोळी नाही, तिच्या जागी ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी. गोळी चुकवायची नाही आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय काही करायचं नाही."

"करसू मी. नानास्ना करता येगळी वाटी करसू."

"तिथेच चुकता तुम्ही!" सायरबाई एकदम म्हणाल्या. "आम्हीही चुकलो. शेठचं ताट वेगळं वाढायचो. सगळे बासुंदी खायचे आणि ते आपले भाकरी मोडत बसायचे. मग काय, दुकानात बसून चोरून जिलेबी! मी रडले, भांडले, शपथा घातल्या. शेवटी एक दिवस सुनांना सांगितलं, आजपासून घरात सगळ्यांना एकच. त्या दिवसापासून चोरी बंद. वेगळ्या ताटाची लाज वाटते हो माणसाला. लाजेपोटी तो विषही खातो."

ताईबाई घरी आली. पटलं होतं, पण धीर होईना. पिढ्यानपिढ्यांचा रिवाज! आबांना राग आला तर? म्हणून आखाजीच्या सकाळी तिने दोन पातेली केली. एक नेहमीच्या आमरसाचं, साखर घालून. दुसरं डांगराचं. कुठलं वाढायचं ते तिने ठरवलंच नाही. आपणही पुष्कळदा असंच करतो. चांगलं काय ते कळतं, पण जुनंही हाताशी ठेवतो.

नाना आले. स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, चालताना एक पाय जपून टाकत. ओटीवर गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. मागे भिंतीला टेकून भिकुबाई उभी होती, नवऱ्याकडे न पाहता. ताईबाईने परात ठेवली, नानांचा पाय त्यात घेतला आणि पाणी घालता घालता तिचा हात थांबला.

अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं पडलं होतं.

हेच बोट! याच पायाचं! आबांचंही इथूनच सुरू झालं होतं. तेव्हाही तिने असंच पाणी घातलं होतं, असंच फडक्याने टिपलं होतं, आणि मग आंब्याच्या दिवसांत वाटी भरून पुढे केली होती, एवढ्याने काय होतं म्हणून. ताईबाई त्या पायाकडे बघत राहिली. तिला वाटलं, आबाच आज पाय पुढे करून बसले आहेत आणि विचारत आहेत, ह्याही वेळी तेच करशील का गं? 

तिने तो पाय दोन्ही हातांनी धरला, अलगद टिपला आणि सुनेला हाक मारली. आवाज सगळ्या ओटीला ऐकू गेला.

"प्रमिला, आमरसनं पातेलं झोकावरल्या पोरीस्ले दी टाक. पंगतले दुसरं आन. बठ्ठास्ले तेच वाढ!"

बायांत कुजबुज उठली. पितराला डांगराचा रस? साखरेवाचून? एक म्हातारी तर म्हणालीच, "असं कधी आयकं नही, व माय!" ताईबाईने कुणाकडे पाहिलं नाही. तिने तोच रस आगारीत, म्हणजे चुलीतल्या निखाऱ्यांवर, पितरांच्या नावाने घातला, वर तूप सोडलं. भडका उंच उठला. तूप पडल्यावर निखारा भडकणारच, हे तुम्हाआम्हाला कळतं. पण ताईबाईने त्या उजेडात हात जोडले, तेव्हा कुजबुज आपोआप थांबली.

नाना पाटावर बसले. मान खाली घालून, शिक्षा ऐकायला बसावं तसे. वाटी उचलली. एक घोट घेतला आणि थबकले. दुसरा घेतला. डोळे मिटले.

"हाऊ कशाना रस शे, वहिनी?"

"डांगरना. त्यास्नी जागावर बसेल मानूस जित्ता ऱ्हावाले पाह्यजे, म्हनीसन करेल शे. बठ्ठी पंगत हाऊच खाई ऱ्हायनी."

नानांनी सभोवार पाहिलं. लोटन, ताईबाईचा मुलगा, तोच रस ओरपत होता. सून, पाहुणे, शेजारी, सगळ्यांच्या वाटीत तेच. 

"माले वाटे, हाई मनी शेवटली आखाजी शे," एवढंच ते बोलले.

मग डोळे पुसून त्यांनी वाटी पुढे केली. पाटावर बसायला लागल्यापासून प्रथमच त्यांनी स्वतः मागितलं. "आखो वाढा, वहिनी!"

आणि वाचकहो, खानदेशात जे कुणी पाहिलं नसेल ते त्या ओटीने पाहिलं! आखाजीच्या दिवशी, पितराच्या पाटासमोर, घरधनीण म्हणाली, "आते नही!"

  नानांनी हसून वाटी खाली ठेवली, आणि मागे भिंतीला टेकलेली भिकुबाई हुंदके देऊन रडू लागली. ताईबाई उठून तिच्याजवळ गेली. दोघी बराच वेळ एकमेकींना धरून उभ्या होत्या.  ज्या म्हातारीने नाक मुरडलं होतं, तीच हळूच म्हणाली, "पितर जेवनं बाई आज!"

दुसऱ्याच दिवशी ताईबाई आणि लोटन नानांना घेऊन धुळ्याला गेले. ते एक बोट काढावं लागलं. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर पायच काढावा लागला असता. नाना काठी टेकत का होईना, पण आपल्या पायांनी घरी परतले. पुढच्या आखाजीला त्या गल्लीत बऱ्याच घरी डांगराचा रस झाला. काहींचा फसला, काहींनी हळूच साखर घातलीच. माणसं एका दिवसात बदलत नाहीत. पण वाढण्याआधी विचारायची रीत मात्र पडली.

बंधुभगिनींनो, आपले सण कुणी मोडायला सांगत नाही. घागर भरा, आगारी घाला, पंगती उठवा. फक्त वाढण्याआधी समोरच्याला विचारा, बाबा, तुला चालतं ना? नाही म्हणाला तर मान ठेवा, आणि त्याला एकटं वेगळं बसवू नका. त्याचं पथ्य सगळ्या पंगतीने थोडं वाटून घ्या. गेलेल्यांची भूक खरी की खोटी, कुणी पाहिली आहे? पाटावर बसलेला माणूस मात्र खरा आहे, जिवंत आहे, आणि त्याच्या घरी कुणीतरी त्याची वाट पाहत आहे.